बाइकला बंदी ठीक, पण बाइकवाल्याचं काय?

नामिबियाला बाइकवर फिरून आलेला कुठलाही रायडर भेटू द्या, गप्पा शेवटी तिथल्या एटोशा नॅशनल पार्कच्या गेटवर येऊन अडकतातच. एवढं ग्रॅव्हल तुडवत गेलो, धूळ खाल्ली, आउट्जो गावावरून सी-३८ रस्त्याने सरळ अँडरसन गेटपर्यंत पोचलो आणि तिथे सांगतात बाइक आत नाही, आणि मागून आलेली भाड्याची फॉर्च्युनर, तिच्यात चार जण वेफर्स खात बसलेले, ती मात्र फॉर्म भरून आरामात आत. मग पुढचा डायलॉग ठरलेला असतो, "पैसे आम्हीपण मोजतोय ना, मग चार चाकांचेच लाड का?"

मला ही तक्रार पटत नाही. बाइक मलाही आवडते, कारमध्ये बसलं की मला झोप येते, तरीसुद्धा पटत नाही. बंदी घातली यात एटोशावाल्यांचं काही चुकलेलं नाही. चुकतं ते पुढे, बंदीची पाटी लावून हात झटकून मोकळं होण्यात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपले लोक पहिलीवरच इतकं भांडतात की दुसरी कोणी मागतच नाही.

आधी बंदीचं बघू. एटोशा म्हणजे २२ हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं पार्क, १९०७ सालापासून राखलेलं. दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपलं ताडोबा बफरसकट धरलं तरी त्याच्या अकरा पट. दोन्हीकडे आपली गाडी आपण चालवत फिरायची मुभा आहे, जिप्सी नको, गाइड नको. आपल्याकडून गेलेल्या माणसाला हे पहिल्यांदा खरंच वाटत नाही. पण नियम कडक आहेत. एटोशात स्पीड ६० च्या वर नाही, क्रूगरमध्ये डांबरी रस्त्यावर ५० आणि कच्च्यावर ४०, सूर्यास्ताच्या आत एकतर कॅम्पमध्ये नाहीतर गेटबाहेर, आणि कॅम्प किंवा ठरलेली कुंपणातली जागा सोडून कुठेही गाडीतून उतरायचं नाही. क्रूगरमध्ये तर खिडकीतून अंग बाहेर काढलं तरी दंड होऊ शकतो. जिथे कारमधल्या माणसाने कोपर बाहेर काढायचं नाही तिथे अख्खा माणूस बाहेर ठेवून फिरवायचा आणि वर म्हणायचं भेदभाव होतोय, हे जरा अतीच झालं ना.

आता नुसती कल्पना करा. एटोशातले रस्ते पांढऱ्या चुनखडीच्या खडीचे, वर पीठासारखी धूळ. वळणावरून बाहेर आलात आणि समोर चाळीस मीटरवर हत्ती, पाच-सहा टनाचा नर, रस्त्याच्या मधोमध, कान पसरलेले. कारवाला काय करतो, रिव्हर्स टाकतो आणि काच वर घेऊन हळूहळू मागे सरकतो, बस. बाइकला रिव्हर्स गिअरच नाही (एखाद्या गोल्डविंगला असतो तो सोडा, ती घेऊन कोण खडीत जातंय). दोनशे-सव्वादोनशे किलोची बाइक, दोन्ही बाजूंना भरलेले पॅनिअर म्हणजे सामानाच्या पेट्या, मागे बसलेला जोडीदार, खाली खडी, आणि रस्ता कडेला उतरता. पायाने ढकलत मागे न्यायची म्हटली तर बूट घसरतो, यू-टर्न मारायचा म्हटला तर एका दमात बसत नाही, अर्धी वळली की पुढचं चाक कडेच्या मऊ मातीत रुततं आणि बाइक आडवी होते. घाटात आडवी झाली तर दोन मित्र येतात, हसतात, उचलून देतात. इथे उचलायला कोण येणार, मागच्या कारमधल्या माणसाला तर दार उघडायलाच मनाई आहे. आणि तो आलाच उतरून मदतीला, तर आता एकाऐवजी दोन माणसं हत्तीसमोर उभी. म्हणून "माझा जीव, माझी रिस्क, लिहून देतो हवं तर" हा युक्तिवाद टिकत नाही. रिस्क तुमच्या एकट्याची राहतच नाही. माणूस मेला की प्राण्यालाही गोळी घालायची वेळ येऊ शकते, ते वेगळंच.

यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे मग ती टूर कंपन्यांची उघडी जीप कशी चालते, तिला कुठे काचा आहेत. प्रश्न चांगला आहे. पण जीप उंच असते, माणसं एका सांगाड्यात बसलेली असतात, उभं राहिलं नाही तर सिंहाला ती सगळी मिळून एकच मोठी वस्तू दिसते आणि त्या वस्तूची त्याला पिढ्यान्‌पिढ्या सवय झालेली आहे. बाइकवर माणसाचा आकार झाकला जात नाही. डोकं, खांदे, हलणारे हात, दोन्ही बाजूंना पाय, वर इंजिनचा आवाज चढउतार होणारा. शिवाय जीप चालवणारा रोज तिथेच असतो, कुठल्या हत्तिणीला पिल्लू झालंय आणि कुठला नर माजावर आहे हे त्याला माहीत असतं, आपण काल राजधानी विंडहुकला बाइक भाड्याने घेऊन आलेलो.

मग हाच न्याय सगळीकडे लावायचा का, तर नाही, आणि इथे अधिकाऱ्यांनीही जरा डोकं चालवायला हवं. बोत्स्वानात कसाने ते न्गोमा हा डांबरी रस्ता चोबे नॅशनल पार्कमधून जातो, चेकपोस्टवर नाव-नंबर लिहायचा आणि बाइकने पार व्हायचं, कोणी अडवत नाही. हत्ती तेच, चोबेचे, जगात हत्ती खूप दाट जिथे आहेत अशा भागातले. पण त्याच पार्कच्या आतल्या सफारीच्या वाळूच्या वाटांवर बाइक नाही. टांझानियात दार-एस-सलामहून झांबियाकडे जाणारा हायवे मिकुमी पार्कमधून ५० किलोमीटर जातो, ट्रक, बस, बाइक सगळं चालतं, स्पीड कमी ठेवायचा आणि प्राणी मारलात तर कुठल्या प्राण्याला किती दंड याचे आकडेच ठरलेले आहेत. नेपाळात आपले कितीतरी लोक भन्सार म्हणजे कस्टमचे पैसे भरून स्वतःची बाइक घेऊन जातात, महेंद्र राजमार्गावर बर्दिया पार्क लागतं, तिथे आत शिरताना चेकपोस्टवर वेळ लिहिलेलं टाइम कार्ड हातात देतात आणि पलीकडे ठरलेल्या वेळेच्या आधी पोचलात तर याचा अर्थ पळवलीत, भरा दंड. एवढी साधी युक्ती, ना कॅमेरा ना रडार. आपल्याकडे बंदीपूरमध्ये २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ रस्ता बंद, दिवसा पुण्या-कोल्हापूरचे सगळे रायडर उटीला तिथूनच जातात.

याच्यात विसंगती दिसते, पण माझ्या मते नाहीये. पार होणं आणि रेंगाळणं यात फरक आहे. हायवेवरून जाणारा थांबत नाही, हत्ती दिसला तर लांबच उभा राहतो, तो गेला की निघतो. सफारीत सगळा खेळच जवळ जाण्याचा, थांबण्याचा, इंजिन बंद करून वाट बघण्याचा. बाइकवाल्याला पार होऊ द्या, रेंगाळू देऊ नका, इतकं सोपं आहे. बंदीपूरला जे प्रकार होतात ते पार होण्यामुळे होत नाहीत, सेल्फीसाठी उतरणाऱ्यांमुळे होतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथे एकाला हत्तीने रस्त्यावर पाडलं, नशिबाने वाचला, वर वनखात्याने २५ हजारांचा दंड लावला. बरोबरच केलं.

अमेरिकेत चित्र उलटं आहे. यलोस्टोनमध्ये १९१५ साली मोटारगाड्या आल्या आणि तेव्हापासून सगळं पार्क रस्त्याभोवतीच बांधलं गेलं, बाइकला ३० डॉलर, कारला ३५, या आणि फिरा. (२०२६ पासून परदेशी माणसाला यलोस्टोन, झायन धरून ११ पार्कांत माणशी १०० डॉलर जादा लावलेत, वार्षिक पास असेल तर सुटका, तो परदेशी माणसाला २५० ला. आपल्याकडच्या रायडरने हा हिशोब आधी करावा, पेट्रोलपेक्षा गेट महाग पडेल.) तिथे नियम असा की गव्यासारखा जो बायसन असतो त्याच्यापासून २५ यार्ड म्हणजे २३ मीटर लांब राहा, अस्वल आणि लांडग्यापासून १०० यार्ड. पण बायसनचा कळप रस्त्यावर उतरला की तो यार्ड मोजत येत नाही, गाड्यांच्या मधून चालत जातो, नऊशे किलोचा नर बाइकच्या आरशाला घासून जाईल इतक्या जवळून, आणि तो ताशी ५५ किलोमीटरने पळू शकतो. म्हणजे चालणाऱ्याला २३ मीटर आणि बाइकवाल्याला हातभर. यलोस्टोनमध्ये बाइक बंद करा असं मी म्हणत नाही, तिथले रस्ते मोठे आहेत, डांबरी आहेत, वळायला जागा आहे. पण कळप रस्त्यावर असताना बाइकना मागे थोपवून कारना पुढे ठेवायला एक रेंजर पुरेसा आहे, आणि तो नियम म्हणून लिहिलेला असावा, रेंजरच्या मूडवर नको.

थायलंडने तिसराच रस्ता धरलाय आणि मला तो सगळ्यात विचार करायला लावणारा वाटतो. खाओ याई हे तिथलं पहिलं नॅशनल पार्क, १९६२ चं, जंगली हत्ती भरपूर, तरी बाइक-स्कूटर आत जातात. हत्ती दिसला तर ३० मीटर लांब थांबा, हॉर्न वाजवू नका, फ्लॅश मारू नका, तो पुढे आला तर मागे व्हा असे सल्ले दिलेले असतात. कारण उघड आहे, तिथे साध्या माणसाचं वाहनच बाइक आहे. बाइक बंद केली तर आजूबाजूच्या गावातलं पोरगं आपल्याच डोंगरावर जाऊ शकणार नाही, फक्त बँकॉकचे कारवाले जातील. आफ्रिकेतल्या पार्कांबद्दल हा मुद्दा कोणी बोलत नाही. टांझानिया, केनिया, युगांडात बोडाबोडा म्हणजे बाइक टॅक्सी ही गावाची नस आहे, आणि पार्कात देशी माणसाला तिकीट कमी ठेवलेलं असलं तरी आत जायला बहुतेक ठिकाणी चार चाकं लागतात, ती आणायची कुठून. तिकीट स्वस्त ठेवलं पण गाडीची अट घातली, की दार उघडं असूनही बंदच. आपण परदेशी रायडर म्हणून गेटवर चिडतो ते एका दिवसापुरतं असतं, ज्याच्या शेताला लागून पार्कचं कुंपण आहे त्याचं हे आयुष्यभराचं.

म्हणून माझं म्हणणं फिरून तिथेच येतं. बाइक बाहेर ठेवा, माणसाला आत न्या.

हे स्वप्नरंजन नाहीये, करून दाखवलेलं आहे. अमेरिकेतच झायनमध्ये १९९७ ला वर्षाला २४ लाख लोक यायला लागले, दरीतला रस्ता तुंबला, तेव्हा २००० सालापासून त्यांनी सीझनमध्ये दरीत खाजगी गाड्याच बंद केल्या. कार पण नाही आणि बाइक पण नाही. पण बंद करताना शटल बस चालू केली, तिचं वेगळं तिकीट नाही, मनात येईल त्या स्टॉपला चढा-उतरा. अलास्कात डेनालीचा रस्ता १४८ किलोमीटरचा, १९७२ पासून स्वतःची गाडी पहिल्या २४ किलोमीटरपर्यंतच, पुढे पार्कची बस, पैसे घेऊन. दोन्ही ठिकाणी हार्लीवाला आणि कारवाला एकाच बसमध्ये बसतात आणि कोणाचं पोट दुखत नाही, कारण कोणी कोणापेक्षा वरचढ नाही.

एटोशात काय होतं बघा. बाइक अँडरसन गेटबाहेरच्या एखाद्या लॉजवर लावायची, लॉजच्या उघड्या गाडीत सीट विकत घ्यायची, सकाळी आत, संध्याकाळी बाहेर. सीट मिळते, नाही असं नाही. पण लॉजची गाडी सूर्यास्ताच्या आत बाहेर यायला हवी, आणि एटोशाचं खरं वैभव सूर्यास्तानंतर सुरू होतं. ओकाउकुएयो कॅम्पला पाणवठ्यावर रात्री दिवे लावलेले असतात, दगडी बुटक्या भिंतीअलीकडे बाकड्यावर बसायचं आणि काळे गेंडे पाण्यावर येताना बघायचे, काचेशिवाय, जीपशिवाय, आवाज न करता. तिथे माणूस कुंपणाच्या आत सुरक्षित असतो, वाहनाचा प्रश्नच येत नाही. गेटपासून हा कॅम्प फक्त १७-१८ किलोमीटर. म्हणजे ज्याच्याकडे कार आहे तो तिथे मुक्काम करणार आणि ज्याच्याकडे बाइक आहे तो १८ किलोमीटरसाठी ते सगळं सोडणार किंवा एका रात्रीसाठी वेगळी कार भाड्याने घेणार, तीही कुठल्यातरी गावातून. सकाळी एक आणि दुपारी एक अशी गेट ते कॅम्प ठरल्या दराची गाडी पार्कनेच चालवली तर हा प्रश्न मिटतो. त्याला ना कायदा बदलायला लागत ना हत्तीला विचारायला लागत.

ताडोब्याला एकटं गेलेल्या माणसाला हे दुखणं लगेच कळेल. तिथे तर सगळ्यांनाच स्वतःची गाडी कोअरमध्ये बंद आहे, कार काय आणि बाइक काय, चांगलं आहे. पण जिप्सी अख्खी घ्यायची म्हटली की सहा जणांचा भार एकट्यावर, मग मोहर्ली गेटवर पहाटे थंडीत "सीट शेअरिंग आहे का हो" करत फिरायचं. नियम योग्य, पण एकट्या माणसासाठी तो नियम महागात पडतो. बाइकवाला बहुतेक वेळा एकटाच किंवा दुकटा असतो, म्हणून परदेशातसुद्धा त्याला जास्त लागतं. सीटच्या हिशोबाने बुकिंग, गाडीच्या हिशोबाने नाही, एवढा एक बदल केला तरी अर्धी चिडचिड कमी होईल.

आता आपल्या लोकांना थोडं ऐकवतो, कारण सगळं पार्कवाल्यांवर ढकलून चालणार नाही. आवाज. ऑस्ट्रियात टिरोलमध्ये रॉयटे जिल्ह्यात काही रस्त्यांवर २०२० पासून उन्हाळाभर ९५ डेसिबलच्या वर आवाजाची नोंद असलेल्या बाइकना बंदी आहे. ते नॅशनल पार्क नाहीये, साधी गावं आहेत, पण वीकेंडला खोऱ्यात हजारो बाइक घुमायला लागल्यावर लोकांनी कान धरून सांगितलं पुरे. यात गंमत अशी की आकडा बाइकच्या कागदावरचा धरतात, तुम्ही शहाण्यासारखी हळू चालवा नाहीतर भरधाव, कागदावर ९६ असेल तर परत फिरा. शहाण्यांवर अन्याय आहे, मान्य. पण शहाण्यांनी आपल्या ग्रुपमधल्या दोन-चार येड्यांना कधी थांबवलं का? आपल्याकडे पोलिस बुलेटचे फटाके वाजवणारे सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोडरोलर फिरवतात तेव्हा आपणच टाळ्या वाजवतो आणि आपणच पुढच्या ट्रिपला डीबी-किलर, म्हणजे सायलेन्सरमधला आवाज दाबणारा भाग, काढून ठेवतो. त्याच ऑस्ट्रियात ग्रोसग्लॉकनरचा घाट होहे टाउर्न नॅशनल पार्कमधून जातो, १९३५ चा टोल रस्ता, ३६ हेअरपिन, बाइकवाल्यांचं उघड स्वागत. तो तसा उघडा राहणार की नाही हे पार्कच्या अधिकाऱ्यांइतकंच आपल्या एक्झॉस्टवर आहे.

शटलचा खर्च कोण करणार हा प्रश्न राहतोच, आणि तो फालतू नाही. नामिबियासारख्या देशाने परदेशी हौशी रायडरसाठी बस का चालवावी, तिथे शाळा-दवाखाने आहेत करायला. मान्य, फुकट नकोच. जो माणूस कार्ने (गाडी परदेशात न्यायचा कस्टमचा कागद) काढून स्वतःची बाइक बोटीने आफ्रिकेला पाठवतो, किंवा तिथे पोचून दिवसाला घसघशीत भाडं भरून बीएमडब्ल्यूची जीएस बाइक घेतो, तो १८ किलोमीटरच्या सीटचे पैसे निमूट देईल, वर थोडे जास्त घ्या आणि त्यातून आसपासच्या गावच्या शाळांच्या पोरांना त्याच गाडीतून आत न्या. गाडी चालवायला गावातलाच माणूस ठेवा. लॉजवाले कुरकुर करतील, त्यांचा धंदा थोडा कमी होईल, पण त्यांच्या सकाळच्या सफारीला यामुळे काही धक्का बसत नाही.

आणि गेटजवळ एक शेड हवी, बस. पत्र्याची चालेल, सावली पडली पाहिजे कारण उन्हात सीट तापून बसवत नाही. साखळी लावायला जमिनीत पक्की रोवलेली कडी, आणि हेल्मेट, जॅकेट, बूट, टँकबॅग कोंबता येतील एवढी कुलपाची कपाटं. बाइकवाल्याची अडचण कारवाल्याला कळत नाही ती हीच असते, त्याचं सगळं सामान बाहेर लटकलेलं असतं, डिकी नसते, रात्रभर ते सोडून आत जायचं म्हणजे मन अर्धं बाहेरच राहतं. वॉचमन ठेवा, दिवसाचे पैसे घ्या, पावती द्या. वेबसाइटवर आणि आधीच्या गावात, म्हणजे आउट्जोलाच, मोठी पाटी लावा की बाइक आत सोडत नाही, गेटवर शेड आहे, गाडी इतक्या वाजता सुटते, सीट इतक्याला.